विश्लेषण : हाताने शिकवणाऱ्या शिबिरांचा साचा घडवणारे बेडन-पॉवेल कोण होते? भारतीय मुलांना त्यांच्या चळवळीचे दार बंद का होते?

परीक्षा संपल्या की गल्लोगल्ली उन्हाळी शिबिरांचे फलक लागतात. रोबो जोडा, ड्रोन उडवा, सुतारकाम शिका, जंगलात तंबू ठोका, चुलीवर स्वयंपाक करा, असे पर्याय पालकांच्या मोबाइलवर येऊन पडतात. लहान गट, प्रत्येक गटाला नाव, गटाचा एक नायक, रोज एक नवे कौशल्य आणि शेवटी बॅज किंवा प्रमाणपत्र हा साचा बहुतेक शिबिरांत सारखाच असतो. हा साचा जगभर पोहोचवण्याचे श्रेय बऱ्याच अंशी एका ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याला जाते. स्काउट, म्हणजे जुन्या मराठीतील बालवीर चळवळीचे संस्थापक रॉबर्ट बेडन-पॉवेल. ११८ हून अधिक वर्षांपूर्वी एका लहानशा बेटावर त्यांनी भरवलेल्या आठवडाभराच्या शिबिरात श्रीमंत आणि कामगारांची मुले एका तंबूत राहिली. मात्र त्याच चळवळीत भारतीय मुलांना बरीच वर्षे प्रवेश नव्हता. हे दोन्ही एकाच माणसाच्या आयुष्यात कसे घडले, हे समजून घेऊ.

बेडन-पॉवेल कोण होते?

रॉबर्ट स्टीफन्सन स्मिथ बेडन-पॉवेल यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ रोजी लंडनमध्ये झाला. नावातील रॉबर्ट स्टीफन्सन म्हणजे प्रसिद्ध रेल्वे अभियंता, वाफेच्या इंजिनाच्या इतिहासातील जॉर्ज स्टीफन्सन यांचा मुलगा. तो कुटुंबाचा स्नेही आणि या बाळाचा धर्मपिता होता. वडील धर्मगुरू होते आणि ऑक्सफर्ड विद्यापीठात भूमितीचे प्राध्यापकही. मुलगा तीन वर्षांचा असतानाच, १८६० मध्ये ते वारले. आई हेन्रिएटा यांनी मोठ्या कुटुंबाचा गाडा एकटीने ओढला.

घरात थोरले भाऊ सुट्टीत बोटीने समुद्रावर जात. धाकट्या रॉबर्टला सोबत नेत, पण प्रवासी म्हणून नव्हे. स्वयंपाक, भांडी, दोर ओढणे अशी खालची कामे त्याच्याकडे असत. पुढे तो चार्टरहाउस या नामांकित शाळेत गेला. शाळेच्या हद्दीबाहेर एक झाडी होती. तिथे जाण्यास विद्यार्थ्यांना बंदी होती. हा मुलगा लपूनछपून तिथे जायचा, सशांसाठी फासे लावायचा आणि शिक्षकांना धूर दिसू नये म्हणून धूर न होणारी शेकोटी कशी पेटवायची, हे स्वतःच शोधून काढायचा. वर्गात मात्र त्याची प्रगती बेताचीच होती. ऑक्सफर्डमध्ये प्रवेश मिळाला नाही. मग १८७६ मध्ये त्याने लष्कराची खुली परीक्षा दिली आणि घोडदळाच्या यादीत तो दुसरा आला. पुस्तकी परीक्षेत मागे पडणारा मुलगा मंद असतोच असे नाही, हे त्याने स्वतःच अनुभवले होते. त्याच्या पुढच्या कामाचे मूळ बरेचसे इथे आहे.

भारतात ते काय शिकले?

वयाच्या १९व्या वर्षी ते १३व्या हुसार्स या घोडदळाच्या पलटणीत दाखल झाले. १८७६च्या अखेरीस मुंबई बंदरात उतरून ते लखनौला गेले. पुढची काही वर्षे भारत, अफगाणिस्तान आणि दक्षिण आफ्रिका येथे गेली. टेहळणी, म्हणजे शत्रूच्या हद्दीत शिरून खुणा वाचणे आणि नकाशा काढून आणणे, हा त्यांचा खास विषय बनला.

१८९७ मध्ये ते पाचव्या ड्रगून गार्ड्स या पलटणीचे प्रमुख म्हणून मेरठला आले. तिथे त्यांनी नेहमीच्या कवायतीपेक्षा वेगळा प्रयोग केला. शिपायांचे लहान गट केले आणि त्यांना माग काढणे, दिशा ओळखणे, रात्री एकट्याने वाट शोधणे अशी कामे दिली. जो ही कामे प्रत्यक्ष करून दाखवील, त्याला होकायंत्रावरील उत्तर दिशेच्या खुणेसारखा बिल्ला मिळे. आज जगभरातील स्काउटच्या गणवेशावर दिसणाऱ्या तीन पाकळ्यांच्या चिन्हाचा उगम या बिल्ल्यापर्यंत जातो. याच अनुभवावर त्यांनी सैनिकांसाठी ‘एड्स टू स्काउटिंग’ हे छोटे पुस्तक लिहिले. ते १८९९ मध्ये प्रसिद्ध झाले.

मॅफेकिंगने त्यांना नायक कसे केले?

त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटले. मॅफेकिंग या लहान गावाला बोअर सैन्याने वेढा घातला. १३ ऑक्टोबर १८९९ ते १७ मे १९०० असे २१७ दिवस बेडन-पॉवेल यांच्या तुकडीने गाव टिकवले. वेढा उठल्याची बातमी येताच लंडनच्या रस्त्यांवर जल्लोष झाला आणि ते रातोरात घराघरात पोहोचले.

वेढ्याच्या काळात गावातील मुलांचे एक पथक निरोप पोहोचवणे, पहारा देणे, अधिकाऱ्यांना मदत करणे अशी कामे करत होते. ही मुले आधी गाढवांवरून जात. अन्न संपत आल्यावर गाढवे खाल्ली गेली, मग मुले सायकलवरून फिरू लागली. वेढ्यात छापलेल्या एका टपाल तिकिटावर सायकलस्वार मुलाचे चित्रही आहे. हे पथक उभे केले होते लॉर्ड एडवर्ड सेसिल या दुसऱ्या अधिकाऱ्याने. पण जबाबदारी दिली की मुले ती पेलतात, ही गोष्ट बेडन-पॉवेल यांच्या मनात पक्की बसली.

या वेढ्याची दुसरी बाजूही आहे. गावात हजारो कृष्णवर्णीय आफ्रिकी लोक होते. अन्नाच्या वाटपात गोऱ्यांना झुकते माप मिळाले आणि अनेक आफ्रिकी लोक उपासमारीने मेले. या निर्णयांवरून इतिहासकारांनी बेडन-पॉवेल यांच्यावर कठोर टीका केली आहे. त्यांची माणुसकी कुठवर पोहोचत होती, हा प्रश्न पुढे भारताच्या संदर्भातही येतो.

लष्करी पुस्तक मुलांच्या हाती कसे गेले?

इंग्लंडला परतल्यावर त्यांना एक अनपेक्षित गोष्ट दिसली. सैनिकांसाठी लिहिलेले त्यांचे पुस्तक शिक्षक आणि मुलांचे गट वापरत होते. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये शहरी मुलांच्या प्रकृतीची चिंता वाढली होती. बोअर युद्धासाठी भरतीला आलेले अनेक तरुण शारीरिक चाचणीत बाद झाले होते. कारखान्यांच्या धुरात वाढलेली, लवकर शाळा सोडलेली आणि धड कोणतेही कौशल्य हाती नसलेली मुले, असे चित्र होते.

१९०४ मध्ये बॉइज ब्रिगेड या संघटनेचे संस्थापक विल्यम स्मिथ यांच्या कार्यक्रमाला बेडन-पॉवेल गेले. ब्रिगेडमध्ये हजारो मुले शिस्तीत कवायत करत होती. हे पुस्तक मुलांसाठी नव्याने लिहावे, अशी सूचना स्मिथ यांनी केली. १९०६ मध्ये अर्नेस्ट थॉम्पसन सीटन यांनी आपले पुस्तक त्यांना पाठवले. सीटन उत्तर अमेरिकेत मुलांना जंगलातील कौशल्ये शिकवणारा उपक्रम चालवत होते. बेडन-पॉवेल यांनी सीटन यांच्याकडून खेळ आणि कल्पना बऱ्याच घेतल्या, त्याच्या श्रेयावरून पुढे दोघांत कटुताही आली.

मुलांना घेऊन निसर्गात राहण्याची कल्पना तेव्हा नवी नव्हती. अमेरिकेत एका शाळेने १८६१ मध्येच मुलांचे शिबिर नेले होते. बेडन-पॉवेल यांना वेगळ्या गोष्टीची खात्री करून घ्यायची होती. मोठ्यांनी हुकूम सोडायचे आणि मुलांनी पाळायचे, या पद्धतीऐवजी मुलांनीच मुलांना चालवले तर काय होते? पुस्तक छापण्याआधी त्यांनी याची चाचणी घ्यायचे ठरवले.

ब्राउनसी बेटावर नेमके काय झाले?

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पूल बंदराच्या तोंडाशी ब्राउनसी नावाचे छोटे बेट आहे. मालक चार्ल्स व्हॅन राल्टे यांनी जागा दिली. ऑगस्ट १९०७ च्या पहिल्या आठवड्यात तिथे सुमारे २० मुले जमली. निम्मी ईटन, हॅरो यांसारख्या श्रीमंतांच्या शाळांतली. बाकीची पूल आणि बोर्नमथ येथील बॉइज ब्रिगेडची, म्हणजे कामगार आणि सामान्य घरांतली. त्या काळच्या ब्रिटनमध्ये हे दोन वर्ग एका टेबलावर जेवत नसत.

शुल्कही दोन प्रकारचे होते. श्रीमंत शाळांतील मुलांना १ पौंड, तर ब्रिगेडच्या मुलांना ३ शिलिंग ६ पेन्स. तेव्हा एका पौंडाचे २० शिलिंग होत. म्हणजे गरिबांच्या मुलांना पाचव्या हिश्श्याहूनही कमी पैसे द्यावे लागले. तंबू, जेवण आणि काम मात्र सगळ्यांना सारखे.

मुलांच्या चार तुकड्या केल्या. लांडगे, बैल, कर्ल्यू पक्षी आणि डोमकावळे अशी त्यांची नावे. खांद्यावर तुकडीच्या रंगाची फीत. प्रत्येक तुकडीत एक मोठा मुलगा नायक आणि तुकडीतील मुलांच्या वागण्याची व कामाची जबाबदारी त्याचीच. सकाळी मुलांना उठवायला शाळेची घंटा नव्हती. बेडन-पॉवेल आफ्रिकेतून आणलेले कुडू हरणाचे लांब पिळदार शिंग फुंकत.

शिकवण्याची पद्धत तीन टप्प्यांची होती. रात्री शेकोटीभोवती दुसऱ्या दिवसाचा विषय गोष्टीतून सांगायचा. सकाळी तो प्रत्यक्ष करून पाहायचा. दुपारनंतर तुकड्यांची त्याच कौशल्यावर स्पर्धा घ्यायची. गाठी मारणे, झोपडी उभारणे, चटई विणणे, शेकोटी पेटवणे, माग काढणे, बोट चालवणे, बुडणाऱ्याला वाचवणे, प्रथमोपचार, असे रोज काहीतरी. रोज रात्री एक तुकडी छावणीपासून दूर मुक्काम करे. पीठ, बटाटे, मांस असा शिधा मिळायचा, स्वयंपाक आणि पहारा मुलांनीच करायचा. भाकरी करपली तर करपलेलीच खायची.

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉप केलेल्यांना हे लगेच समजेल. फायलिंगचा जॉब गाइड वाचून जमत नाही. गुण्या लावला की माप चुकले की बरोबर, हे समोर दिसते. ब्राउनसीवर हेच झाले. गाठ सुटली तर झोपडी पडे. ती चुकीची आहे, हे कोणाला सांगावे लागत नसे. पुन्हा बांधण्याची संधीही लगेच मिळे. आणि झोपडी पडताना तिच्याखाली ईटनचा मुलगा आहे की पूलच्या कामगाराचा, याने काही फरक पडत नसे.

शिबिराची चळवळ कशी झाली?

जानेवारी १९०८ पासून ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ हे पुस्तक दर पंधरा दिवसांनी एक अशा सहा भागांत निघाले. एका भागाची किंमत चार पेन्स होती. मुलांना खाऊच्या पैशांत परवडणारी. पुढे जे घडले त्याची तयारी कोणीच केली नव्हती. संघटना उभी राहण्याआधीच मुलांनी स्वतः तुकड्या बनवल्या आणि मग शिक्षक, शेजारी, दुकानदार यांपैकी कोणाला तरी आमचे प्रमुख व्हा म्हणून गळ घातली. सप्टेंबर १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथील मेळाव्याला सुमारे ११ हजार मुले आली. त्यात न बोलावता आलेल्या काही मुलीही होत्या. आम्हीही स्काउट आहोत, असा त्यांचा दावा होता. त्यातून १९१० मध्ये मुलींसाठी गर्ल गाइड ही वेगळी संघटना निघाली. तिची सूत्रे सुरुवातीला त्यांची बहीण अॅग्नेस यांच्याकडे होती. त्याच वर्षी बेडन-पॉवेल लष्करातून निवृत्त झाले आणि उरलेले आयुष्य त्यांनी या कामाला दिले. १९१२ मध्ये त्यांचा विवाह ऑलिव्ह सोम्स यांच्याशी झाला. पुढे त्या गाइड चळवळीच्या प्रमुख बनल्या.

स्काउटच्या हातातील काठीही एक तांत्रिक साधन होते. तिच्यावर फूट आणि इंचाच्या खुणा असत. त्यामुळे ओढ्याची खोली मोजता येई. काठीची आणि झाडाची सावली मोजून साध्या गुणोत्तराने झाडाची उंची काढता येते, हा भूमितीचा धडा मैदानावरच होई. दोन काठ्या आणि दोन कोट मिळून स्ट्रेचर बने. अनेक काठ्या दोराने बांधल्या की लहान पूल. पुढे सुतार, स्वयंपाकी, इलेक्ट्रिशियन, प्रथमोपचार अशा कौशल्यांचे बॅज आले. बॅजसाठी लेखी पेपर नव्हता. काम करून दाखवावे लागे.

१९२० मध्ये लंडनच्या ऑलिम्पिया सभागृहात पहिली जागतिक जांबोरी भरली आणि बेडन-पॉवेल जगाचे प्रमुख स्काउट म्हणून घोषित झाले.

भारतीय मुलांना प्रवेश का नव्हता?

भारतात पहिले स्काउट पथक १९०९ मध्ये बंगळूर येथे कॅप्टन टी. एच. बेकर यांनी सुरू केले. ते युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी होते. भारतीय मुलांना त्यात जागा नव्हती. कारण उघड होते. नकाशा वाचणारी, रात्री वाट काढणारी, संदेश पोहोचवणारी आणि स्वतःचा नायक मानणारी भारतीय मुले तयार झाली, तर ती उद्या कोणाविरुद्ध उभी राहतील, ही धास्ती ब्रिटिश सरकारला होती. हे कौशल्य खेळातले नाही, त्यात ताकद आहे, हे राज्यकर्त्यांनीच अशा रीतीने मान्य केले.

भारतीयांनी मग आपली वाट काढली. पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झालेले नागपूरचे व्हिव्हियन बोस हे भारतीय मुलांसाठी स्काउटिंग सुरू करणाऱ्या पहिल्या काही जणांपैकी एक. मद्रासमध्ये अॅनी बेझंट आणि जॉर्ज अरुंडेल यांनी भारतीय मुलांची स्वतंत्र संघटना काढली. अलाहाबादमध्ये मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीच्या माध्यमातून बालवीर पथके उभी केली. जत्रा-मेळ्यांत हरवलेली माणसे शोधणे, गर्दी सांभाळणे, साथीच्या काळात मदत, अशी कामे ही मुले करू लागली.

ही पथके वाढल्यावर त्यांच्याकडे दुर्लक्ष करणे अवघड झाले. १९२१ मध्ये व्हाइसरॉयच्या निमंत्रणावरून बेडन-पॉवेल भारतात आले. बेझंट यांची संघटना मूळ संघटनेत सामील झाली आणि भारतीय मुलांना दार उघडले. सेवा समितीने मात्र आपले वेगळेपण राखले.

वाद इथे संपला नाही. १९३७ मध्ये दिल्लीतील अखिल भारतीय जांबोरीसाठी बेडन-पॉवेल पुन्हा आले. वय ८० च्या घरात होते. त्या भेटीनंतर भारतीयांच्या चारित्र्याबद्दल त्यांनी केलेल्या अवमानकारक विधानांनी संताप उसळला आणि १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काउट असोसिएशन ही स्वतंत्र संघटना पुढे आली. ब्राउनसीवर वर्गाची भिंत ओलांडणारा हा माणूस वंशाच्या आणि साम्राज्याच्या भिंतीपाशी अडखळला. स्वातंत्र्यानंतर, ७ नोव्हेंबर १९५० रोजी, वेगवेगळ्या संघटना एकत्र येऊन भारत स्काउट्स आणि गाइड्स ही आजची संघटना झाली.

शेवटची वर्षे कशी गेली?

आयुष्याच्या अखेरीस बेडन-पॉवेल केनियातील न्येरी येथे राहायला गेले. ८ जानेवारी १९४१ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या थडग्यावर वर्तुळ आणि मध्ये एक ठिपका अशी खूण कोरलेली आहे. माग काढण्याच्या खेळात या खुणेचा अर्थ, मी घरी गेलो आहे, असा होतो.

आजच्या शिबिरांसाठी यात काय आहे?

महाराष्ट्रातील अनेक शाळांत आजही स्काउट-गाइडचा तास असतो. प्रथम सोपान, द्वितीय सोपान, गळ्यातला स्कार्फ आणि विशेषतः खरी कमाई हा उपक्रम अनेकांना आठवत असेल. मुलांनी स्वतः काम करून किंवा पदार्थ विकून चार पैसे कमवायचे, त्याचा हिशेब ठेवायचा. पण बऱ्याच ठिकाणी पदार्थ आई करते आणि मुले फक्त स्टॉलवर उभी राहतात. मग उपक्रमाचे नाव राहते आणि कमाई दुसऱ्याची होते.

महागड्या तंत्रशिबिरांतही हेच होऊ शकते. तयार किटमधील सुटे भाग चित्रानुसार जोडले, अडले तिथे दादा-ताईंनी जोडून दिले, शेवटच्या दिवशी रोबो चालला, पालकांनी व्हिडीओ काढला. मुलगा काय शिकला हे कळायचे असेल तर तो रोबो एकदा बंद पडायला हवा आणि दुरुस्त करायला त्याला कोणी मदत न करता वेळ द्यायला हवा. शिबिर निवडताना पालकांनी तीन गोष्टी विचाराव्यात. एका गटात किती मुले आहेत? गटाचे निर्णय मुले घेतात की प्रशिक्षक? काम फसले तर ते पुन्हा करायला वेळापत्रकात जागा आहे का? साहित्य आणि सुरक्षिततेची चौकशी तर करावीच. करवत, सोल्डरिंग आयर्न किंवा पाणी असेल तिथे जाणकार मोठा माणूस जवळ हवा. पण जवळ असणे आणि हातातून काम काढून घेणे यात फरक आहे.

चौथा प्रश्न पालकांपेक्षा शिबिरे भरवणाऱ्यांसाठी आणि शाळांसाठी आहे. ब्राउनसीच्या शुल्कात दोन दर होते म्हणून कामगारांची मुले तिथे येऊ शकली. ज्या मुलाचे वडील गॅरेज चालवतात किंवा फर्निचर करतात, त्याच्या हातात पाना किंवा रंधा लहानपणापासून असतो. तो शिबिरात आला तर इतर मुले त्याच्याकडून शिकतील आणि त्याला सर्किट किंवा नकाशा वाचायला मिळेल. एकाच दराचे, एकाच थरातील मुलांचे शिबिर ही देवाणघेवाण आधीच बंद करते. बंद दारामुळे भारतीय मुले स्काउटिंग शिकायची थांबली नाहीत, त्यांनी आपली पथके काढली. पण त्यासाठी मालवीय, बेझंट, बोस यांच्यासारखी माणसे पाठीशी उभी होती. आज शुल्कामुळे बाहेर राहणाऱ्या मुलामागे बहुधा कोणी नसते. त्याच्यासाठी दुसरा दर ठेवणे आयोजकांच्या हातात आहे आणि १९०७ मध्ये ते जमले होते.